पायांसाठी वसलेले नगर

परदेशातील तीर्थनगरे पाहावयास निघालेल्या वाचकांकडून या सदराकडे एक प्रश्न वारंवार येतो : तेथे मोटार भाड्याने घ्यावीच लागते काय? विचारणारे बहुधा साठीच्या पुढचे असतात. मुलगा किंवा मुलगी युरोपात नोकरीस असते, उन्हाळ्यात महिना-दीड महिना तिकडे जाणे होते, आणि मुलांना सुटी मिळून ती गाडी काढतील तेव्हाच घराबाहेर पडावयाचे असा एक अलिखित नियम होऊन बसतो. ज्यांनी आयुष्यभर घर आणि दुकान स्वतःच्या हिमतीवर चालविले, त्यांना शनिवारची वाट पाहत खिडकीशी बसावे लागते. रस्त्याच्या उजव्या बाजूने मोटार हाकण्याचे धाडस या वयात करू नये, हे खरेच. पण म्हणून शनिवारपर्यंत थांबलेच पाहिजे असे नाही. यासाठी या वेळी स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला या नगराविषयी लिहावयाचे ठरविले आहे.

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात गालिसिया नावाचा हिरवागार, पावसाळी प्रांत आहे. सांतियागो ही त्याची राजधानी. येशू ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी संत याकोब यांना स्पॅनिश भाषेत सांतियागो म्हणतात. त्यांची कबर या ठिकाणी नवव्या शतकाच्या पूर्वार्धात सापडली अशी परंपरा आहे. राजा दुसरा अल्फोन्सो याने तेथे पहिले देऊळ बांधले. आज उभ्या असलेल्या कॅथेड्रलचे काम १०७५ मध्ये सुरू झाले आणि १२११ मध्ये त्याचे विधिपूर्वक समर्पण झाले. १५८९ मध्ये इंग्रजांच्या स्वारीच्या भीतीने अस्थी लपविण्यात आल्या. त्या इतक्या चांगल्या लपविल्या गेल्या की पुन्हा सापडावयास १८७९ साल उजाडले! पुढे १८८४ मध्ये पोपनी त्यांना मान्यता दिली. इतिहासाचे अभ्यासक या परंपरेकडे सावधपणे पाहतात. परंतु हजार-अकराशे वर्षे युरोपच्या कानाकोपऱ्यातून माणसे येथवर पायी आली, याविषयी मात्र कोणाचेच दुमत नाही. मध्ययुगात जेरुसलेम आणि रोम यांच्या खालोखाल याच नगराचे नाव घेतले जाई.

नगराची सारी घडण या पायी येण्यातून झाली आहे. तीर्थयात्रेचे हे मार्ग ‘कामिनो’ म्हणून ओळखले जातात. कामिनो म्हणजे वाट. पिरिनीज पर्वताच्या फ्रेंच पायथ्यापासून येणारी मुख्य वाट सुमारे ७८० किलोमीटरांची आहे. शेकडो कोस चालून थकलेला, भिजलेला, कित्येकदा आजारी माणूस शेवटी जेथे पोहोचतो, तेथे त्याला काय लागेल याचा विचार या गावाने केलेला दिसतो. कॅथेड्रलसमोरच्या ओब्रादोइरो चौकात १४९९ मध्ये राजा फर्नांदो आणि राणी इसाबेल यांनी यात्रेकरूंसाठी रुग्णालय स्थापिले; त्याची भव्य इमारत आज सरकारी हॉटेल म्हणून वापरात आहे. रुआ दो विलार आणि रुआ नोवा या जुन्या रस्त्यांच्या कडेने दगडी कमानींचे ओटे आहेत. भर पावसात त्यांच्या आडोशाने बरेचसे गाव कोरडे राहून पार करता येते. येथे वर्षाकाठी १८०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईत याहून अधिक पडतो, पण तो चार महिन्यांत उरकून घेतो. येथला पाऊस शरद ऋतूपासून वसंतापर्यंत झिमझिमतच राहतो. त्यामुळे छत्रीपेक्षा रबरी तळाची, न घसरणारी पादत्राणे अधिक महत्त्वाची. ओल्या ग्रॅनाइटच्या फरशा गुडघ्यांना क्षमा करीत नाहीत.

माद्रिदहून वेगवान आगगाडीने येथे साधारण तीन-साडेतीन तासांत पोहोचता येते. स्टेशनाला लागूनच बसस्थानक आहे. दोहोंमध्ये पादचारी पूल आहे. ही जुळणी २०२१ पासूनची आहे, त्यामुळे जुन्या प्रवासपुस्तकांत बसस्थानकाचा पत्ता गावाच्या दुसऱ्या टोकाला दिलेला असतो. त्यावर विसंबू नये. स्टेशनापासून जुने गाव पायी पंधरा-वीस मिनिटांवर, पण वाट चढाची आहे. सामान असेल, गुडघे कुरकुरत असतील, तर येथे टॅक्सी करण्यात काही कमीपणा नाही. मोटारीविना प्रवास म्हणजे चाकांवर बहिष्कार नव्हे. मुक्काम मात्र जुन्या गावात किंवा त्याच्या अगदी कडेला घ्यावा. दोन पैसे अधिक पडले तरी दुपारी अंग टेकण्यास खोलीवर परतता येते, आणि आपल्या वयात दिवसाचे दोन भाग करता येणे ही फार मोठी सोय आहे. साठ वर्षांवरील प्रवाशांसाठी स्पॅनिश रेल्वेचे ‘तार्खेता दोरादा’ नावाचे सवलतीचे कार्ड असते. पासपोर्ट सोबत नेऊन तिकीटखिडकीवर त्याची चौकशी अवश्य करावी.

जुन्या गावाचे सविस्तर वर्णन येथे करीत नाही. १९८५ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे आणि त्याची चित्रे सर्वत्र मिळतात. दोन-तीन गोष्टी मात्र सांगितल्या पाहिजेत. कॅथेड्रलचे पोर्तिको दा ग्लोरिया हे शिल्पद्वार उस्ताद मातेओ याने घडविले. त्यावर ११८८ हे साल कोरलेले आहे. आता ते पाहण्यास तिकीट असते आणि थोड्या थोड्या लोकांनाच आत सोडतात, म्हणून वेळ आधी ठरवावी. मोठ्या पिशव्या कॅथेड्रलमध्ये नेऊ देत नाहीत. ‘बोताफुमेइरो’ नावाचे दीड मीटर उंचीचे धूपपात्र आठ माणसे दोरावर ओढून छताखाली झुलवितात, ते रोज होत नाही. ठरावीक सणांना किंवा कोणी देणगी दिल्यास होते. तेवढ्यासाठीच येणाऱ्याची निराशा व्हावयाची. त्यापेक्षा संध्याकाळी मागच्या बाजूच्या किंताना चौकातील लांब दगडी बाकावर बसावे. या चौकाच्या खालच्या भागाला मृतांची किंताना म्हणतात, कारण पूर्वी तेथे दफनभूमी होती. पायऱ्या चढून वर गेले की जिवंतांची किंताना. यात्रेकरू आणि शाळकरी मुले दोन्हींवर सारख्याच निश्चिंतपणे बागडत असतात.

अलामेदा उद्यानाच्या तोंडाशी दोन वृद्ध स्त्रियांचा रंगीत पुतळा आहे. मारुशा आणि कोरालिया फांदिन्यो या सख्ख्या बहिणी. त्यांचे भाऊ कामगार चळवळीत होते. १९३६ च्या यादवीनंतर या कुटुंबाचा अतोनात छळ झाला, शिवणकामही मिळेनासे झाले. पुढे वर्षानुवर्षे या दोघी रोज दुपारी दोनच्या ठोक्याला भडक रंगांचे कपडे आणि भडक रंगभूषा करून गावातून फेरी मारीत. ज्या काळात सारे नगर करडे आणि गप्प होते, त्या काळात. लोक त्यांना वेड्या म्हणत. शेजारी मात्र गुपचूप त्यांचे वाणसामान भरून देत. संत याकोबांच्या वाटेवर लाखो माणसे चालली, पण या नगरातल्या चालण्याची गोष्ट सांगताना या दोघींना वगळणे योग्य वाटत नाही.

आता भोजनाविषयी, कारण आपल्या वाचकांचा निम्मा प्रवास या चिंतेतच जातो. गालिसिया हा मासे, शिंपले आणि डुकराचे मांस यांचा प्रांत आहे. पालेभाजीच्या निरुपद्रवी दिसणाऱ्या सुपातही डुकराची चरबी असते. ‘मिश्र कोशिंबीर’ मागविली तर तीत मासा आणि अंडे असते. गावाची प्रसिद्ध बदामाची मिठाई ‘तार्ता दे सांतियागो’ मैद्याविना करतात, पण अंड्याविना नाही. तेव्हा नुसते शाकाहारी म्हणून भागत नाही. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन उएवो’, म्हणजे मांस, मासा, अंडे नको, असे स्पष्ट सांगावे. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी ‘सिन सेबोया, सिन आखो’ आणि बटाटा टाळणाऱ्यांनी ‘सिन पाताता’ हे शब्द कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून न्यावेत. आबास्तोस नावाच्या मंडईत सकाळी फळे, पाव, मिरच्या, शरदात चेस्टनट मिळतात. बाहेरच्या कडेला खेड्यांतल्या बायका स्वतःच्या शेतातला भाजीपाला घेऊन बसतात. आतल्या दालनांत मासळी आणि मांस आहे हे ठाऊक ठेवूनच पाऊल टाकावे. रविवारी मंडई बंद असते. स्वयंपाकघर असलेली खोली घेणे सर्वांत उत्तम.

सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्यांसाठी येथे एक गंमत आहे. गालिसिया भूगोलाने लंडनच्याही पश्चिमेला, पण घड्याळ मात्र बर्लिनचे लावते. त्यामुळे जूनमध्ये सूर्य रात्री सव्वादहाच्या सुमारास मावळतो. येथील उपाहारगृहे रात्रीचे जेवण साडेआठ-नऊला देऊ लागतात. ज्या देशात इतक्या उशिरा जेवतात, तेथेही चौविहार सुखेनैव पाळता यावा, हे पंचांगाचे औदार्यच म्हणावे लागेल. डिसेंबरात मात्र सूर्योदय सकाळी नऊला आणि सूर्यास्त सहाच्या सुमारास. तेव्हा नवकारशीला पावणेदहा वाजतात आणि संध्याकाळचे जेवण स्वतःच करावे लागते.

नगराबाहेरची पहिली सहल पाद्रोनची. संतांचा देह घेऊन आलेली नाव येथे लागली अशी कथा आहे. ती ज्या दगडाला बांधली म्हणतात, तो दगड गावच्या चर्चमध्ये वेदीखाली जपलेला आहे. प्रादेशिक आगगाडीने पाद्रोन वीस मिनिटांच्या आसपास. गाड्या मात्र मोजक्या, म्हणून परतीची वेळ पाहूनच निघावे. स्टेशनाजवळच रोसालिया दे कास्त्रो या कवयित्रीचे घर आहे. १८६३ मध्ये तिने आपला काव्यसंग्रह गालिसियन भाषेत प्रसिद्ध केला, तेव्हा ही भाषा शेतकऱ्यांची आणि मोलकरणींची समजली जाई; शिकलेल्या माणसाने स्पॅनिशमध्ये लिहावे अशी रीत होती. तिच्या त्या पुस्तकापासून गालिसियन साहित्याचे पुनरुज्जीवन मोजतात. १८८५ मध्ये याच घरात ती वारली. आता तिची समाधी सांतियागोतील बोनावाल मठात आहे. गावची हिरवी, बोटभर मिरची अख्ख्या देशात विख्यात आहे. तेलात परतून, वर मीठ भुरभुरून देतात. बहुतेक मिरच्या गोड, एखादी अचानक जाळ काढणारी! कोल्हापूरकराला त्या जाळाचे काय, पण तेल मासे तळलेले नाही ना, हे विचारून घ्यावे.

ज्यांचे पाय बळकट आहेत त्यांनी सकाळच्या गाडीने पाद्रोनला जावे आणि परत चालत यावे. पोर्तुगालकडून येणाऱ्या कामिनोचा हा शेवटचा टप्पा, सुमारे २५ किलोमीटरांचा. शिखरजींची २७ किलोमीटरांची वंदना ज्यांनी पायी केली आहे, त्यांना अंतराचा अंदाज लगेच येईल, आणि येथे तसा डोंगर नाही. शेतांमधून, वाड्यावस्त्यांतून, निलगिरीच्या रानातून वाट जाते. कोठे वळावयाचे हे विचारावे लागत नाही, कारण भिंतींवर, दगडांवर, झाडांवर पिवळे बाण रंगविलेले आहेत. ही कल्पना एलियास वालिन्या नावाच्या खेड्यातल्या एका धर्मगुरूची. १९८० च्या दशकात कामिनो जवळजवळ विस्मृतीत गेला असताना त्याने स्वतः रंगाचा डबा घेऊन बाण काढावयास प्रारंभ केला. २०२४ मध्ये यात्रा नोंदविणाऱ्यांची संख्या पाच लाखांच्या घरात गेली. अधिकृत प्रमाणपत्रासाठी किमान १०० किलोमीटर पायी चालल्याचे शिक्के लागतात, तेव्हा एका दिवसाच्या चालण्याने ते मिळणार नाही. न मिळो. हातात कागद असावा म्हणून चालणाऱ्यांची गर्दी शेवटच्या शंभर किलोमीटरांत फार वाढली आहे, आणि जुन्या गावातली राहती घरे त्या गर्दीला भाड्याने देण्यासाठी रिकामी होत आहेत, अशी तेथील रहिवाशांची तक्रार आहे. ती रास्त वाटते.

आपल्या साधु-साध्वींचा विहार आणि हे चालणे यांची तुलना करण्याचा मोह आवरावा, असे माझे मत आहे. तेथे वाहनाचा त्याग आजन्म व्रत म्हणून आहे. येथला यात्रिक महिनाभर चालतो आणि विमानाने घरी जातो. दोघांची पावले सारखी दिसली तरी हेतू निराळे आहेत. एक गोष्ट मात्र आपल्या वाचकांच्या मनात येईलच. यात्रेकरूचे चिन्ह शिंपला आहे आणि दुकानोदुकानी खऱ्या शिंपल्यांच्या माळा टांगलेल्या असतात. ज्यांना प्राण्याचे कवच बाळगणे रुचत नाही, त्यांनी आसिबेचेरिया गल्लीत जावे. तेथे ‘आसाबाचे’ या काळ्या, चकचकीत अश्मीभूत लाकडात कोरलेले शिंपले मिळतात. मध्ययुगापासून ही कला येथे आहे. याच वाटेवर, आणि आगगाडीच्या खिडकीतूनही, दगडी खांबांवर उभी केलेली लहान, अरुंद कोठारे दिसतात. त्यांना ‘ओर्रेओ’ म्हणतात. मका ठेवण्यासाठी आहेत. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर एक सपाट रुंद दगड बसविलेला असतो, म्हणजे उंदराला वर चढता येत नाही. धान्यही वाचते आणि उंदीरही!

आगगाडीने तासाच्या आत पोहोचता येणारे दुसरे गाव पोन्तेवेद्रा. मोटारीविना प्रवास करणाऱ्याने ते मुद्दाम पाहावे, कारण या गावाने स्वतःच मोटारीला रजा दिली आहे. ८० हजारांवर वस्तीचे हे शहर १९९९ पूर्वी मोटारींनी गुदमरले होते. त्या वर्षी पेशाने डॉक्टर असलेले मिगेल आन्शो फेर्नांदेस लोरेस महापौर झाले. त्यांनी सरसकट बंदी घातली नाही; मालाची गाडी, रुग्णाची गाडी, घरात गॅरेज असलेल्याची गाडी येऊ शकते. परंतु जुन्या भागातून केवळ आरपार जाण्यासाठी किंवा जागा शोधत घिरट्या घालण्यासाठी मोटार आणण्याची सोय उरली नाही. वाहने गावाच्या कडेला उभी करून चालत यावयाचे. दुकानदारांनी प्रारंभी विरोध केला. १९९६ ते २००६ या काळात शहराच्या रस्त्यांवर ३० माणसे अपघातात मृत्यू पावली होती. पुढच्या दहा वर्षांत त्याच रस्त्यांवर ३. जीवरक्षेचा विचार करणाऱ्याने हे दोन आकडे जवळजवळ ठेवून पाहावेत. गावाने पायी चालणाऱ्यांसाठी ‘मेत्रोमिनुतो’ नावाचा नकाशा काढला आहे. भुयारी रेल्वेच्या नकाशासारखाच, पण रेषांवर चालण्याची मिनिटे लिहिलेली. स्टेशनापासून जुने गाव पंधरा मिनिटे. तेथील पेरेग्रिना चर्चचा तळ शिंपल्याच्या आकाराचा आहे. पण खरे पाहावयाचे ते चौकांत खेळणारी लहान मुले आणि हाताला धरून ठेवावे लागत नसल्यामुळे निवांत गप्पा मारणाऱ्या त्यांच्या आज्या.

उत्तरेला आ कोरुन्या, आगगाडीने साधारण अर्धा तास. तेथील ‘हर्क्युलिसचा मनोरा’ हे रोमन काळापासूनचे, अद्याप चालू असलेले दीपगृह. उंची ५५ मीटर. बाहेरचे दगडी आवरण अठराव्या शतकातले, गाभा रोमन. स्टेशनापासून शहरी बस मिळते. आत दोनशेहून अधिक पायऱ्या आहेत. ज्यांना नको त्यांनी खालून समुद्र पाहावा, तोही पुरेसा आहे.

रूळ येथवर आहेत. पश्चिमेच्या खडकाळ किनाऱ्यावरची फिस्तेर्रा आणि मुशिया ही गावे, जेथे अनेक यात्रेकरू सांतियागोनंतर चालत जातात, तेथे बसनेच जावे लागते, आणि येथे मात्र मोटार नसल्याची किंमत मोजावी लागते हे लपविण्यात अर्थ नाही. बस किनाऱ्याकिनाऱ्याने गावे घेत जाते. दोन ते तीन तास लागतात, फेऱ्या थोड्या. वेळापत्रकावर ‘लाबोराब्लेस’ म्हणजे कामाचे दिवस आणि ‘फेस्तिवोस’ म्हणजे सुटीचे दिवस. रविवारी आणि सणाला फेऱ्या आणखी घटतात. २५ जुलै हा संत याकोबांचा दिवस तर प्रांताची सार्वजनिक सुटीच. फिस्तेर्रा गावापासून टोकावरचे दीपगृह आणखी तीनेक किलोमीटर, चढाचे. एका दिवसात दोन्ही गावे पाहणे सार्वजनिक बसने जमत नाही. सहल-कंपन्यांच्या बशी सांतियागोहून निघतात, त्या दोन्ही दाखवितात, पण प्रत्येक ठिकाणी घड्याळ लावून. माझ्या मते दोहोंपैकी एकच निवडावे आणि रात्री तेथेच राहावे. मुशियाच्या खडकांवर समुद्राला लागून विर्शे दा बार्का हे मंदिर आहे. २०१३ च्या नाताळच्या दिवशी वीज पडून ते आतून जळाले, नंतर दुरुस्त झाले. नोव्हेंबर २००२ मध्ये ‘प्रेस्टिज’ नावाचे तेलवाहू जहाज याच किनाऱ्यापुढे फुटले. काळे तेल या खडकांवर येऊन थापले गेले, असंख्य समुद्रपक्षी मेले, आणि देशभरातून आलेल्या हजारो स्वयंसेवकांनी महिनोन्‌महिने हातांनी ते तेल खरवडून काढले. मुक्काम असेल तर हे सारे आठवीत संध्याकाळी त्या खडकांवर बसता येते. परतीच्या बसची घाई असेल तर नाही.

जाण्याचा काळ मे-जून किंवा सप्टेंबर. ज्या वर्षी २५ जुलै रविवारी येतो ते वर्ष ‘पवित्र वर्ष’ मानतात आणि किंताना चौकाकडचे पवित्र द्वार वर्षभर उघडे राहते. पुढचे असे वर्ष २०२७. त्या वर्षी गर्दी नेहमीहून पुष्कळ असेल. द्वारातून जाण्याची इच्छा असणाऱ्यांनी खोली आणि माद्रिदच्या गाडीचे तिकीट फार आधी घ्यावे, आणि तशी इच्छा नसणाऱ्यांनी ते वर्ष सोडून दुसरे निवडावे.